झिपऱ्याचा घाम

ताईला मधुमेह झाला तेव्हा ती तिसरीत होती. झिपऱ्याला झाला तेव्हा तो दहावीत. एकाच घरात दोघांना, आणि तोही टाइप वन, म्हणजे इन्सुलिनशिवाय गत्यंतर नाही असा. लोक हे ऐकून आईकडे असं बघायचे, जणू तिनेच पोरांना काहीबाही खायला घातलं होतं. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती म्हणायची, "पहिलीच्या वेळी रडत रडत शिकले, दुसऱ्याच्या वेळी सगळं पाठच होतं."

झिपऱ्या हे घरातलं नाव. लहानपणी तो केसांना कात्री लावू द्यायचा नाही, नुसता कंगवा दिसला तरी पलंगाखाली जाऊन बसायचा. त्यानेच पुढे केस कापायचं दुकान टाकलं तेव्हा आईला हसू आवरेना. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा, हाताखाली एक कारागीर. दाढीसाठी मात्र जुनी गिऱ्हाइकं कारागिराला हात लावू द्यायची नाहीत. मालकाचा हात रिकामा होईपर्यंत पेपर वाचत थांबायची.

ताई पोहायला शिकवायची. सकाळी लहान मुलं, दुपारी बायका. तिच्या दंडावर साखर मोजणारा गोल सेन्सर चिकटवलेला असायचा आणि कमरेला इन्सुलिनचा पंप, जो पाण्यात उतरण्याआधी काढून ठेवावा लागे. नवीन मुलं सेन्सरकडे बोट दाखवून विचारायची, "मॅडम, हे काय?" ती सांगायची, "बटण आहे. दाबलं की मी ओरडते." मग दिवसभर पोरं ते दाबायला टपलेली असायची.

भावंडांचा आजार एक, पण मत कधी एक झालं नाही. ताईने पंप घेतला तर झिपऱ्या म्हणाला, "कमरेला यंत्र बांधून मी गिऱ्हाइकावर वाकू कसा?" तो इन्सुलिनच्या पेनच्या सुईवरच राहिला. सेन्सर तेवढा त्याने लावला, तोही बायकोने हट्ट धरला म्हणून. ताईचा ठाम समज होता की धाकटा हलगर्जी आहे, आजार अंगावर काढतो. हा समज तिने कधी तपासून पाहिला नव्हता.

एक दिवस हॉस्पिटलमधून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दोघांच्याही डॉक्टर त्याच.

"एक नवीन उपचार आमच्याकडे चाचणीसाठी येतोय," त्या म्हणाल्या. "सुरू करायच्या आधी पेशंट लोकांना काय वाटतं ते ऐकायचंय. तुम्ही स्पष्ट बोलता, म्हणून तुम्हाला बोलावतेय."

"स्पष्ट बोलते म्हणजे भांडते, असंच ना?"

"तसंही म्हणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बैठक हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि मधोमध बिस्किटांची बशी. सगळ्यांची नजर बशीवर आणि हात कुणाचाच नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात एका बिस्किटाला किती इन्सुलिन लागेल याचा हिशोब करत होता. शेवटी एका आजोबांनी बशी पुढे ओढली आणि दोन उचलली. हे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. काचेची सिरिंज उकळून घ्यायची, सुई दगडावर घासून धार लावायची, त्या काळापासूनचे ते पेशंट.

"मी शाळेत होतो तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांत यावर इलाज निघतोय," आजोबा म्हणाले. "ते डॉक्टर गेले. त्यांच्यानंतरचे म्हणाले, पाच वर्षांत निघतोय. तेही गेले. आता तुम्ही सांगा मॅडम, तुम्ही तब्येतीला कशा आहात?"

सगळे खळखळून हसले, डॉक्टरीणबाईसुद्धा. मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी असतात. त्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून आत सोडायच्या. तिथे त्या रुजल्या तर स्वतःच इन्सुलिन तयार करू लागतात, साखर बघून, लागेल तेवढं. काहींची सुई कमी होते, काहींची सुटतेही.

"आणि?" ताईने विचारलं. पुढे काहीतरी असणार हे तिने ओळखलं होतं.

"आणि शरीर त्या पेशींना परकं समजतं. मारून टाकतं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. पेशी आहेत तोवर रोज."

"म्हणजे साधा खोकलाही महागात पडणार."

"पडू शकतो. मूत्रपिंडावरही लक्ष ठेवावं लागतं. मी काहीच लपवत नाहीये."

ताईच्या शेजारी एक लिफ्ट दुरुस्त करणारा गृहस्थ बसला होता. त्याची मुलगी बालवाडीत होती आणि तिला नुकताच हा आजार झाला होता. तो म्हणाला, "माझं ऐकाल तर आजच करा. तिला सुई टोचताना ती माझ्याकडे बघते ना, ते मला सहन होत नाही. गोळ्या काय, खाऊच्या डब्यात घालून देईन."

"हे लहान मुलांसाठी नाहीच आहे," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. त्या माणसाने मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढघाल करत बसला.

मग ताई बोलली. ती म्हणाली, "माझं बस्तान बसलंय. पंप आहे, सेन्सर आहे, दोघं आपापसात बोलून डोस ठरवतात. माझी साखर चांगली राहते. मी दिवसभर पन्नास पोरांच्या पाण्यात उभी असते. नाक गळणारी पोरं, खरचटलेली पोरं. एक सुई सोडायची म्हणून मी अंगाचं दार सताड उघडं टाकू? हा इलाज नाही. हा एक आजार देऊन दुसरा घेणं आहे. ज्याला आपलं दुखणं नीट सांभाळता येत नाही, त्याला असले शॉर्टकट सुचतात. माझं मत लिहून घ्या. नको."

"मला हवंय," दारातून आवाज आला.

ताईने वळून पाहिलं. झिपऱ्या उभा होता. अंगावर दुकानातलाच शर्ट, बाहीवर बारीक केस. त्यालाही बोलावलं होतं, हे दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

"गिऱ्हाईक होतं, उशीर झाला," तो म्हणाला आणि रिकाम्या खुर्चीवर बसला. "मला हवंय. गोळ्या चालतील. नाव लिहा."

बैठक संपल्यावर ताईने त्याला जिन्यापाशी गाठलं. "डोकं फिरलंय का तुझं? आधी पंप घे. आधी नीट मोजमापाने खायला शीक. ते करायचं नाही आणि एकदम हे?"

"ताई, मी मोजूनच खातो."

"कधीपासून?"

"लग्नापासून. मधुमेहाने मामाचे डोळे गेले ते मी विसरलो नाही. डोळे आणि हात गेले तर माझं दुकान गेलं. म्हणून मी साखर चढूच दिली नाही. इतकी खाली ठेवली, इतकी खाली ठेवली की…" तो थांबला. "डॉक्टरीणबाई म्हणतात, सारखी उतरत राहिली की शरीर सांगायचं बंद करतं. तुला साखर उतरली की काय होतं?"

"घाम फुटतो. हात थरथरतात. भूक लागते."

"मला यातलं काहीच होत नाही."

मग त्याने तिला जे सांगितलं ते त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका नेहमी त्याच्याकडे दाढी करायचे. एके दिवशी त्यांनी अचानक त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बाळा, थांब जरा." तो म्हणाला, "का? झालंच की." काका म्हणाले, "तू तिसऱ्यांदा त्याच गालावरून वस्तरा फिरवतोयस. फेस कधीच संपलाय." तेव्हा कुठे त्याला आरशात दिसलं, काकांच्या कानाखालून रक्ताचा ओघळ आला होता. सेन्सरचा अलार्म वाजत होता म्हणे. फोन ड्रॉवरमध्ये टॉवेलांखाली आणि शेजारच्या खुर्चीवर ड्रायर चालू. त्याला आठवत होतं ते एवढंच, की आपण अगदी मन लावून काम करतोय.

"काका काही बोलले नाहीत. उलट मला साखरेचं पाणी त्यांनीच करून पाजलं. पण त्या दिवसापासून मी वस्तरा हातात घेतला नाही. लोकांना सांगतो, मान धरलीय."

ताईला तरीही पटलं नव्हतं. "मग कारागिराला दाढ्या करू दे. फोन गळ्यात बांध. दुसरा उपाय काढ. यासाठी अंगात कुणाच्या तरी पेशी सोडून घ्यायच्या आणि—"

"तुला घाम येतो ताई. मला येत नाही."

"ते कळलं मला, पण—"

"तुला घाम येतो. मला येत नाही."

"अरे, ऐकलं!"

"तुला घाम येतो," झिपऱ्या म्हणाला. चेहरा शांत, आवाज नेहमीचा. जिन्याच्या कठड्यावर त्याने हात ठेवला आणि पुन्हा तेच वाक्य सुरू केलं. त्याच्या खिशात फोन किणकिणत होता. तो ऐकतच नव्हता.

ताईने फोन ओढून काढला. आकडा फारच खाली होता. तिने त्याला पायरीवर बसवलं, आपल्या पिशवीतला रसाचा डबा फोडून त्याच्या तोंडाला लावला. तो म्हणाला, "मला तहान नाही." ती म्हणाली, "पी म्हणते ना!" लहानपणी त्याला ओरडायची त्या आवाजात. तो आवाज मात्र त्याला ऐकू गेला. तो प्यायला.

थोड्या वेळाने तो भानावर आला आणि हातातल्या डब्याकडे बघत म्हणाला, "परत?"

"परत," ताई म्हणाली. त्याच्या कपाळावर तिने हात फिरवला. कपाळ कोरडं ठक्क होतं.

ती त्याच्या बाजूला बसून राहिली. वरून डॉक्टरीणबाई उतरल्या, दोघांना पाहून थांबल्या. ताई म्हणाली, "मघाशी मी जे बोलले ते माझ्यापुरतं लिहा. त्याच्या नावापुढे लिहू नका."

चाचणीत त्याची निवड झाली. या टप्प्यात ते अशांनाच घेणार होते, ज्यांना साखर उतरलेली कळत नाही. तपासण्यांचं झेंगट बरंच चाललं. रक्त, हृदय, मूत्रपिंड, दात. "दातही?" त्याने विचारलं. "किडलेला दात म्हणजे गोळ्या सुरू झाल्यावर घरात शिरलेला चोर," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि एक दाढ काढून टाकली.

प्रत्यक्ष उपचाराच्या दिवशी बायको आणि ताई बाहेर बसल्या होत्या. दोघींना वाटलं होतं की मोठं ऑपरेशन असणार. आत एक छोटी पिशवी टांगली, त्यातलं धूसर पाणी नळीतून त्याच्या यकृताच्या शिरेत हळूहळू गेलं. तो जागाच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढंच? याहून जास्त वेळ मला फेशियलला लागतो."

पण पुढचे महिने सोपे गेले नाहीत. इन्सुलिन लगेच सुटलं नाही, सुया चालूच, वर मूठभर गोळ्या. तोंड फोडांनी भरलं, गरम काही गिळवेना. दुकानात मास्क लावून उभा राहायचा. गिऱ्हाईक शिंकलं की कारागिराला खूण करून स्वतः मागच्या दारी जायचा. तरीही एकदा ताप आलाच. तो छातीत उतरला आणि त्याला भरती करावं लागलं.

ताई रोज शिकवणी संपली की वॉर्डात जायची. तोंडावर मास्क, केस ओले. झिपऱ्याला धाप लागायची, दोन वाक्यं बोलला की थांबावं लागे. त्याची बायको उशाशी बसून होती. एकदा ती ताईला बाहेर घेऊन गेली.

"ताई, तुम्ही आधीच म्हणाला होतात," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "बोला ना. मला तरी बोला. मीच त्याला जा म्हणाले होते."

ताईच्या जिभेवर ते शब्द गेले तीन दिवस होते. पण आता ते तिलाच नको झाले. ती म्हणाली, "तू दहा वर्षं त्याच्या शेजारी अर्धी जागी झोपलीस. तुला म्हणायचा हक्क होता. चल, तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

तो त्यातून उठला. अशक्त झाला, खांद्यांवर शर्ट लोंबायला लागला, पण घरी आला. आणि मग हळूहळू, कुणी गाजावाजा न करता, सुईचा आकडा खाली येत गेला. जेवणाची सुई बंद झाली. साखर सारखी उतरायचीही थांबली. फक्त रात्रीची, तीही चिमूटभर, तेवढी राहिली. ती काही सुटली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुटेल असं वाटत नाही, वाट बघू. त्याच्याबरोबर ज्यांना पेशी दिल्या त्यातल्या एका बाईंची सगळी सुई सुटली होती, आणि एकाच्या पेशी टिकल्याच नव्हत्या. झिपऱ्या म्हणाला, "म्हणजे मी मधल्या बाकावरचा. शाळेतही तिथेच होतो."

एका दुपारी ताई बायकांच्या वर्गाला श्वास सोडायला शिकवत होती. बाकावर ठेवलेला फोन झिपऱ्यासाठी लावलेल्या सुरात वाजला. झिपऱ्या कामाच्या वेळी कधी फोन करत नसे, म्हणून ती पाण्यातून धडपडत बाहेर आली.

"काय झालं?"

"ताई, मला घाम आलाय."

"ताप आहे का? बायको कुठे आहे?"

"ताप नाही गं! घाम! हात बघ, हात लटपटतायत माझे. दुपारी जेवायला उशीर झाला, गिऱ्हाईक होतं, आणि एकदम मानेवर गार गार वाटलं. मला वाटलं पंख्याचा वारा. हात लावून बघितला तर ओला. अलार्म नंतर वाजला ताई. आधी मला कळलं, मग त्याला कळलं!"

"मूर्खा, आधी साखर खा. मग बोल."

"खातोय. तोंडातच आहे."

फोनमध्ये त्याचं कडाकडा चावणं ऐकू येत होतं. मागे कारागीर कुणाला तरी सांगत होता, काही नाही, मालक खूश आहेत. ताई ओल्या बाकावर बसली. तलावातल्या बायका काठाला धरून तिच्याकडे बघत होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"भावाची साखर उतरलीय," ताई म्हणाली आणि हसायलाच लागली. बायकांना काही कळेना. तीही सांगू शकली नाही. डोळे पुसले ते तलावाचंच पाणी असल्यासारखे पुसले आणि म्हणाली, "चला, तोंड पाण्यात."

वर्षभराने हॉस्पिटलने तीच मंडळी पुन्हा बोलावली. घड्याळवाले आजोबा काठी घेऊन आले. लिफ्टवाल्याची मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि सुई टोचताना आता ती बापालाच धीर द्यायची. झिपऱ्याने सगळं सांगितलं, फोडांपासून छातीतल्या कफापर्यंत. काही झाकलं नाही, काही सजवलंही नाही.

"परत करावं लागलं तर कराल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"करेन. पण ही माझी बहीण म्हणेल, नको. आणि तिचंही चुकत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे. नाव एक असलं म्हणून काय झालं?"

"माझ्या मुलीने मोठी झाल्यावर काय करावं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

झिपऱ्याने खांदे उडवले. "ते तिला विचारा. मोठी झाली की. आत्ता नका विचारू, आणि तिच्याऐवजी तुम्ही ठरवूही नका."

डॉक्टरीणबाई ताईकडे वळल्या. ताई म्हणाली, "गोळ्यांशिवाय जगणाऱ्या पेशी आणा, मी रांगेत पहिली उभी राहते. कुणीतरी करतंय म्हणे तसं काही. तोवर माझा पंप बरा. एक मात्र बदला. मागच्या वेळी मी म्हणाले होते ना, ज्याला आपलं दुखणं सांभाळता येत नाही त्याला हे सुचतं? ते खोडून टाका. ते चुकीचं होतं."

"पाच वर्षांत येईल गोळ्यांशिवायचं," आजोबा गंभीरपणे म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले.

त्या रविवारी दोघं भावंडं आईकडे जेवायला गेली. झिपऱ्याने सात गोळ्या ताटाशेजारी ओळीने मांडल्या. ताईने पंपावर आकडा टाकला. आईने दोघांकडे पाहिलं.

"याची सुई जवळजवळ गेली," आई ताईला म्हणाली. "मग तुझं कधी?"

"माझं नाही आई. मला नको आहे ते."

"का? त्याला मिळालं आणि तुला नाही?"

"मिळालं नाही असं नाही गं. मी नको म्हटलं."

"तिचं बरोबर आहे," झिपऱ्या म्हणाला.

"आणि त्याचंही," ताई म्हणाली.

आईने हातातला डाव खाली ठेवला. "आजवर तुमचं एका गोष्टीवर जमलं नाही," ती म्हणाली, "आणि जमलं ते असं. मला काय कळायचंय?" तिने दोघांना वाढलं, दोघांना विचारून, किती ते.